शंभर वर्षांची शिवी

जिजी कोणाला मरणाची शिवी देत नसे. नंदुरबारात त्या काळी भांडण म्हटलं की 'तुझं मढं निघो' इथूनच सुरुवात व्हायची. जिजीला ते फार स्वस्त वाटे. ती आशीर्वाद द्यायची. भाजीवाल्याने किडकं वांगं हळूच टोपलीत सरकवलं, की ती त्याच्याकडे मायेने बघून म्हणे, "भाऊ, तू शंभर वरीस जगशी. पह्यले दात पडतीन, मंग डोया जातीन, आनि सून रोज सकायले इचारी, धल्ला, आज बी शेच का?" धल्ला म्हणजे म्हातारा. भाजीवाला मुकाट्याने वांगं परत घेई. पोटभर शिव्या खाऊन हसणारी माणसं मी पाहिली आहेत, पण जिजीचा आशीर्वाद घेऊन हसलेलं कोणी पाहिलं नाही.

मी लग्न होऊन नाशिककडून नंदुरबारला आले, ते दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी. माझे यजमान जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या कामावर होते. घरमालक शेटच्या दुमजली घरामागे अंगण, अंगणात आड, आणि आडाच्या पलीकडे भाड्याच्या खोल्यांची रांग. कडेची आमची, तिला लागून जिजीची. मी सामान उतरवत होते तेव्हा ही उंच, काटकुळी, पांढऱ्या केसांची बाई दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "नाशिकवाली, नाक तिखं शे तुन्हं. आठे ते कामनं नही." याचा अर्थ मला पहिल्याच संध्याकाळी कळला.

तिचा हात जिभेसारखाच झोंबायचा. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती व्यापाऱ्याच्या पठारीवर लाल मिरच्यांचे देठ खुडायला जायची. पठारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं रान, जिथे मिरची वाळत घालतात. दिवसभर देठ खुडून बोटं अशी पेटलेली असत, की ती घरी येऊन ताकात हात बुडवून बसे, आणि तरी रात्री पोळपाटाला तिखटपणा लागे. तिने कोणाच्या लेकराच्या गालाला कधी हात लावला नाही. मूल जवळ आलं की ती दोन्ही हात पाठीमागे घेई आणि कपाळाने त्याच्या कपाळाला टेकवी. एकुलती एक मुलगी वेणू, तिलाही तिने असंच वाढवलं होतं.

आता शेटच्या संडासाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं. शेट जिजीच्या जातीतलाच, सासरकडून लांबचा दीर लागायचा. तो सुरतेला कोणा नातेवाइकाकडे राहून आला आणि तिथला पाण्याचा संडास पाहून वेडा झाला. सुरतेहून चिनी मातीचं भांडं आणलं, वरच्या मजल्यावर बसवलं, शेजारी न्हाणी केली, आणि दोन्हींची घाण व स्वयंपाकघराचं खरकटं पाणी न्यायला खापराची नळी टाकली. ही नळी अंगणाखालून, मग जिजीच्या खोलीच्या फरशीखालून जाऊन मागच्या खड्ड्यात पडायची. आमच्या गावच्या गवंड्याने असलं काम जन्मात केलं नव्हतं. त्याने चुन्याने सांधे जोडले आणि देवाचं नाव घेतलं.

गावात दुसऱ्या कोणाकडे असं भांडं नव्हतं, म्हणून शेट येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते दाखवी. पाहुण्याला माडीवर नेई, बादलीभर पाणी ओती, आणि ते गुडगुड करत कुठे नाहीसं झालं याचं कौतुक करवून घेई. ते नाहीसं होत नव्हतं. जिजीच्या मोरीतून वर येत होतं. नळी तिच्या चुलीखालीच कुठेतरी फुटली होती. सणावाराला, लग्नसराईत पाहुणे वाढले की जिजी खाटेवर पाय घेऊन बसे आणि सांगे, "आज शेटना घर मोठा मानूस येल दिखस." आडाचं पाणी तर त्याच वर्षी गढूळ झालं आणि त्याला वास यायला लागला.

शेटच्या घरचं पिण्याचं पाणी मळ्यातल्या विहिरीवरून कावडीने यायचं. कावडवाला पाठच्या दाराने येई, म्हणजे रस्त्यावरच्यांना दिसू नये. आम्ही भाडेकरणी पहाटे डोक्यावर हंडे घेऊन त्याच विहिरीवर जायचो, मी आणि जिजी बरोबरच. गावापासून चांगलं लांब होतं ते. धुण्याभांड्यांना मात्र आडच होता.

जिजीची रोजची रीत अशी: सकाळी मोरीत जे काही वर आलं असेल ते एका तांब्यात भरायचं आणि शेटच्या पुढच्या ओट्यावर, तो गादीवर बसलेला असताना, पायरीशी ओतायचं. "तुमनं तुमले," एवढंच म्हणायची. कधी त्यात भाताची शितं असत, कधी लिंबाची साल, कधी सांगू नये असं. "काल तुमना घर कढी व्हती, शेट. कढीलिंब जास्त पडना." शेट गड्याला हाक मारून पायरी धुवून घेई, आणि ते धुतलेलं पाणीही गटारातून फिरून आमच्याकडेच येई. बाजारातली माणसं हे बघायला मुद्दाम थांबत. शेटची लाज जसजशी वाढली तसतसा त्याचा हट्टही वाढला. फरशी खणायची म्हणजे सुरतेचा थाट फसला हे गावासमोर कबूल करायचं, आणि ते त्याच्याने होईना.

एकदा ती मला घेऊन वकिलाकडे गेली. वकील भला माणूस होता, त्याने पैसेही घेतले नाहीत. तो म्हणाला, "बाई, भाडं घेतो तो, तेव्हा घर राहण्यासारखं ठेवणं त्याचं काम. त्याला चार लोकांदेखत सांगा. तरी केलं नाही, तर तुम्ही दुरुस्त करून घ्या आणि खर्च भाड्यातून कापा. कायद्यात तशी सोय आहे." जिजीचा चेहरा उजळला. मग वकील चष्मा पुसत म्हणाला, "पण नंतर तो तुम्हाला खोली सोडायला सांगेल. नोटीस देऊन सांगितलं, तर तो त्याचा हक्क."

जिजी उठून उभी राहिली. "म्हंजे मन्हा हक इतलाच शे? पह्यले त्यानं घर नीट करनं, मंग सोडनं?"

वकील हसला. जिजी हसली नाही. पायरी उतरताना मला म्हणाली, "तरी बी करसू. वेणू येवाव शे."

वेणू पहिलटकरीण होती. तिचं सासर म्हसावदला. माहेरी बाळंतपणाला ती थंडीत येणार होती, आणि तोवर ती खोली कोरडी करायची हेच जिजीच्या डोक्यात होतं. तिने गवंडी आणला. गवंड्याने पहिली फरशी उचलायला पहार घातली, तोच शेट दारात.

"नळी मन्ही, फरशी मन्ही," शेट म्हणाला. "एक बी दगड हालना तं पोलीस बलावसू."

"आनि हाई पानी? हाई कोनं शे?"

"खोलीमा उनं म्हंजे तुन्हं."

गवंड्याने पहार उचलली आणि निघून गेला. त्यालाही गावात राहायचं होतं. शेट जाता जाता म्हणाला, "नको वाटस तं सोड ना खोली." एकट्या, मिरचीचा वास येणाऱ्या विधवेला गावात दुसरी खोली कोण देणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जिजी त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, "शेट, तुमी शंभर वरीस जगा." मी तिथेच होते. मला तेव्हा ती तिची नेहमीचीच शिवी वाटली.

वेणू आली. आईसारखी उंच, पण बोलायला लोण्यासारखी मऊ. ती ह्याच अंगणात वाढलेली, शेटची मुलगी शकू हिच्या जोडीला. दोघी आखाजीच्या सणाला कडुलिंबाच्या एकाच झोक्यावर बसायच्या. संडास झाला तो दोघींची लग्नं झाल्यावर. जिजीने मोरीत गोणपाट कोंबलं, वर पाटा ठेवला, खाट विटांवर चढवली. पठारीवर जाण्याआधी ती आता दोन खेपा करायची, एक स्वतःसाठी, एक वेणूसाठी, आणि हंड्यावर फडकं बांधून लेकीला बजावायची, "आडनं पानी तोंडले लावू नको."

वेणू हो म्हणायची. आईची दुसरी खेप वाचावी म्हणून ती गुपचूप आडाचं पाणी पीत होती, आणि हंडा भरलेलाच दिसावा म्हणून दिवसभर त्याला हात लावत नव्हती. हे आम्हांला तिला ताप चढल्यावर कळलं. दवाखान्यातल्या डॉक्टराने पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि मुदतीचा ताप सांगितला. पाण्यातून येतो म्हणाला. जिजी हंड्याकडे बघत बसली. तापात वेणू म्हणाली, "माय, तू दिसभर मिरचीमा मरस, परत इतलं लांब पानीले जास... मी आडनं पिधं." जिजीने तिला एक शब्द बोलून दाखवला नाही. लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिला पुसता येत नव्हतं, बोटं जळत होती. ती मनगटाच्या वरच्या भागाने पुसायची, आणि तरी वेणू डोळे मिटून घ्यायची. शेवटी मला म्हणाली, "नाशिकवाली, तू पूस." मी पुसले. मूल आधी गेलं, पोटातच. मग वेणू.

शेट मयताला आला. लाकडं त्यानेच दिली, हे खरं आहे आणि सांगायलाच हवं. पण पाण्याची कुजबुज चालली होती, ती त्याच्या कानावर गेली तेव्हा तो सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाला, "डाक्टरले काय समजस? आडनं पानी गंगा शे, गंगा. मी सोता तेच पेस." मी कावडवाल्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. जिजी कोपऱ्यात बसली होती, तिने ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तिने पायरीवर तांब्या ओतणं बंद केलं. शेटला वाटलं, म्हातारी मोडली. खरं सांगते, मलाही तेच वाटलं.

मग आखाजी आली. दुसरीकडे अक्षय्य तृतीया म्हणतात. खानदेशात त्या सणाइतका मोठा सण नाही. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने कुंभाराकडची नवी घागर पाण्याने भरून पूजतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आंबा, सांजोऱ्या. बाई सवाष्ण गेलेली असेल तर एका सवाष्णीला तिच्या जागी पाटावर बसवून जेवू घालायचं, आणि घास घेण्याआधी तिने त्या घागरीचं पाणी प्यायचं. ते पाणी गेलेलीला पोचतं. पहिल्या वर्षाच्या घागरीला तर कोणी नाही म्हणत नाही.

आदले दोन दिवस जिजी घरात नव्हती. प्रकाशा गावाला जाणारी बैलगाडी होती, तिच्यात बसून गेली. महादेवाचं दर्शन करून येते म्हणाली. सणाच्या आदल्या तिन्हीसांजेला परतली. सणाच्या सकाळी ती थेट शेटच्या स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. शकू माहेरी आली होती, नुकतेच दिवस गेलेले. जिजी शेटाणीला म्हणाली, "मन्ही वेणूनी पह्यली आखाजी शे. शकूले सवासीन धाडा." शेटाणीचे डोळे भरून आले. "धाडसू ना, जिजी. इचारनं काय?"

मग जिजी आडाशी आली. शेट मागच्या ओसरीत दात घासत होता. जिजीने राहाट असा काही किरकिरवला की सगळ्या अंगणाने बघावं. एक बादली काढली, ओसरीकडे एकदा पाहिलं, आणि बादली घरात नेली. शेटचा दात घासणारा हात थांबलेला मी पाहिला. तो चूळ भरून आत गेला. अडवायचं तर आडाचं पाणी घाण आहे हे कबूल करावं लागलं असतं.

दुपारी जिजीच्या खोलीत आम्ही पाच-सात बायका होतो. वास येऊ नये म्हणून तिने ऊद जाळला होता. शकू पाटावर बसली, हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, रडून लाल झालेले डोळे. जिजीने पान वाढलं. मग घागरीतून लोटा भरला आणि तिच्यापुढे ठेवला. मला सकाळची आडाची बादली आठवली. मी उठायला लागले, तशी जिजीने माझं मनगट धरलं. तिची बोटं मला झोंबली. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी खाली बसले.

शकूने लोटा कपाळाला लावला. "वेणू," म्हणाली, आणि पिऊ लागली.

"शकू! पेऊ नको!" शेट अंगणातून धावत आला, धोतराचा सोगा हातात. "थुकी टाक! थुकी टाक म्हनस ना!"

लोटा रिकामा झाला होता. शकू घाबरून बापाकडे बघत राहिली. जिजी जागची उठली नाही.

"काबरं शेट? गंगा शे ना?"

"कसानी गंगा!" शेट ओरडला. "वरनं समदं त्यामाच जास!"

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. बायका एकमेकींकडे बघत नव्हत्या. शेटाणी दाराशी उभी होती, ती खालीच बसली. जिजीने शांतपणे तोच लोटा पुन्हा घागरीत बुडवला, भरला आणि हात लांब करून शेटपुढे धरला.

"ल्या, तुमी बी ल्या. वेणूना नावनं."

शेटने लोटा घेतला नाही. तो मागे सरकला, उंबऱ्याला अडखळला. जिजीचा हात तसाच पुढे होता, जराही न हलता, आणि तो निघून जाईपर्यंत तिने खाली घेतला नाही. मी आयुष्यात अनेक कठोर माणसं पाहिली, पण तशी कठोर मी दुसरी पाहिली नाही. आणि मला ती त्या क्षणी फार आवडली, हेही लिहून टाकते.

सण उलटला आणि शेटचीच माणसं पहारी घेऊन आली. जिजीची सगळी फरशी उखडली. नळी चुलीखालीच फुटलेली निघाली, खाली काळा चिखल. नवी लोखंडी नळी घातली, जुना खड्डा बुजवून नवा परसाबाहेर दूर खणला, आड उपसून चुना टाकला. जे दोन वर्षं होत नव्हतं ते बघता बघता झालं. पण शेटचं त्यात लक्ष नव्हतं. तो दिवसातून दहादा शकूच्या कपाळाला हात लावी. डॉक्टराला घरीच बसवून ठेवलं होतं म्हणा ना. ती खोकली तर तो उठे, ती झोपली तर श्वास बघे. शकूला सासरचं बोलावणं आलं तर त्याने ते परत धाडलं. तापाची मुदत सरली. शकूला शिंकही आली नाही.

मग त्याने जिजीला खोली सोडायची नोटीस दिली. वकिलाकडून, रीतसर. जिजीने ती माझ्याकडून वाचून घेतली आणि मान हलवली. "वकीलनं खरं व्हतं. घर नीट झायं, आते सोडनं." तिचा भाऊ कोरीटला होता, त्याच्याकडे जायचं ठरलं. सामान ते काय, एक पेटी, पाटा-वरवंटा आणि वेणूची ती घागर.

गाडी दाराशी लागली तेव्हा मला राहवेना. इतके दिवस दाबून ठेवलेलं मी विचारलं, "जिजी, शकूला काही झालं असतं तर? ती पोटुशी होती. तिचा काय गुन्हा?"

जिजीने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू एवढी वर्षं शेजारी राहून मी काहीच शिकले नाही.

"येडी शे का तू? घागर कोनी व्हती? मन्ही वेणूनी. तिना तोंडमा मी आडनं पानी घालसू?" मग आवाज उतरला. "प्रकाशाथुन आनेल व्हतं. तापीनं. आडनी बादली तं अंगन धवाले लिधी."

मला रडू फुटलं. आपल्या मेलेल्या माणसाची घागर घाण पाण्याने भरणारी बाई सबंध खानदेशात सापडणार नाही, हे शेटच्या घरातल्या कोणालाही कळायला हवं होतं. त्यालाही एरवी कळलं असतं. पण आडात काय पडतं ते त्याला ठाऊक होतं, आणि त्यापुढे त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

"पन त्याले सांगू नको," जिजी गाडीत चढत म्हणाली. "डरू दे. जगू दे." आणि जाताना तिने, पहिल्यांदाच, कपाळाऐवजी हाताने माझा गाल धरला. दिवसभर तो जळत होता.

जिजी कोरीटला दोन पावसाळे काढून गेली. निरोप आला, त्या वर्षीच्या आखाजीला मी तिच्या नावाने घागर भरली. लेक नाही, मग कोण भरणार? आम्ही त्या खोल्यांत बरीच वर्षं राहिलो. जिजीची खोली पुढे आम्हीच घेतली, नवी मोरी होती म्हणून.

शेट खूप जगला. दात गेले, मग डोळे अधू झाले. शेटाणी गेली, बरोबरीचे सगळे गेले, तो ओट्यावर बसून राहिला. शकूची मुलंबाळं ठणठणीत होती, पण त्यांतल्या एकाला जरी ताप आल्याचं पत्र आलं की तो जेवत नसे. कोणी काही म्हणत नव्हतं, त्याचा तोच त्या लोट्याशी हिशेब जोडी, आणि सून दाराआडून विचारी, धल्ला जेवना का. एकदा मी भाडं द्यायला गेले तेव्हा त्याने मला जवळ बोलावलं.

"बाई, तुमी तिन्हा शेजारले व्हतात. खरं सांगा. त्या दिन घागरमा पानी कोठलं व्हतं?"

त्याच्या डोळ्यांत फूल पडलं होतं. तो माझ्याकडे नीट बघूही शकत नव्हता. एक शब्द बोलले असते तर म्हातारा त्या रात्री झोपला असता. मला वेणूचे मिटलेले डोळे आठवले.

"आडाचंच की, शेट," मी म्हटलं. "दुसरं कुठून आणणार ती? तुम्हीच तर म्हणायचात, गंगा आहे म्हणून."

भाड्याचे पैसे त्याच्या हातात ठेवले आणि घरी येऊन मोरीवर भांडी घासायला बसले. पाणी ओतलं तसं ते सरळ वाहून गेलं.